राखून हाकणारा

गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, की बारामतीहून भवानीनगर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरकडे निघालेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला एक गोष्ट हटकून दिसते, ती म्हणजे बैलगाडी शर्यतीचा फलक. त्यावर बैलाचे चित्र माणसापेक्षा मोठे. खाली बैलाचे नाव, मग मालकाचे, मग गावाचे. मैदानावर कर्णा सुरू झाला म्हणजे निवेदकही ह्याच क्रमाने पुकारा करतो. छकड्यावर उभा राहून कासरा धरणारा जो माणूस, ज्याच्या अंगावर गाडी उलटली तर पहिली उलटायची, त्याचे नाव आलेच तर शेवटी येते. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे. पूर्वी त्याला गाडीवान म्हणत. आता इंजिनाचा पत्ता नसला तरी मैदानावर सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

ज्यांनी मैदान कधी पाहिले नाही, अशा शिक्षक बंधुभगिनींसाठी आधी थोडा खुलासा करतो. आपल्याकडे शर्यती एका प्रकारच्या नाहीत. खेड, जुन्नर, आंबेगाव भागात चढाचा घाट असतो. तिथे चार बैल जुंपतात, पुढे घोडी पळते, गाड्यावर कुणी बसत नाही आणि निकाल सेकंदांवर लागतो. विदर्भात शंकरपट. सांगली-कोल्हापूरकडे आरत-पारत, म्हणजे जाऊन वळसा घालून परत यायचे. आपल्या बारामती-इंदापुरात, पलीकडे फलटणला आणि माण-खटावात चालते ती सरळ मैदानाची शर्यत. कुळवून मऊ केलेल्या रानात शेजारी शेजारी पट्टे आखतात, त्यांना तास म्हणतात. कुणाला कोणता तास हे चिठ्ठीवर ठरते. पाच-सात गाड्या एकदम सुटतात, तो एक गट. गटात पहिला आलेला सेमीफायनलला, तिथला पहिला फायनलला. प्रत्येक धाव मिनिटाच्या आतली. पण फायनल मारायची तर एकाच दिवसात तीच जोडी तीन वेळा पळाली पाहिजे. हे तीन वेळांचे गणित ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बैल बहुधा खिल्लार. माणदेश आणि आटपाडी महाल हे ह्या जातीचे माहेर. पांढरा रंग, लांब मागे गेलेली शिंगे, निमुळते तोंड, पायाला हलका. नीरा डाव्या कालव्याच्या काठाने ऊस वाहणारी टायरची गाडी ओढायला ताकद लागते, इथे चपळाई लागते. गाडी म्हणजे नुसता छकडा, दोन चाके आणि उभे राहण्यापुरती जागा.

बैलाचे वय दातांवरून सांगतात, आणि ही गोष्ट मुलांना वर्गाबाहेर नेऊन दाखविण्याजोगी आहे. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. सगळे दुधाचे असेपर्यंत तो आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून पक्के दात येतात, मग तो दुसा. पुढे चौसा, सहासा, आणि आठही पक्के झाले की जुळलेला. काही मैदाने केवळ आदत बैलांसाठी भरतात. तिथे पंच आधी तोंड उघडून पाहतात, तिथे जिभेची हुशारी चालत नाही.

जोडी एकाच घरची असते असेही नाही. एकाचा बैल डाव्या खांद्याला चांगला, दुसऱ्याचा उजव्या, मग दोघे मिळून जोडी जुळवतात. ह्याला पैरा म्हणतात. शब्द जुनाच आहे. एकेक बैल असलेले दोन शेतकरी नांगरटीला बैल एकत्र करीत, तो पैरा. नांगर ट्रॅक्टरकडे गेला आणि शब्द मैदानावर येऊन राहिला.

आता ड्रायव्हरचे काम पाहा. पैऱ्याचे दोन बैल, दोघांचा वेग वेगळा, स्वभाव वेगळा. एक झेंडा पडण्याआधीच उसळणारा, दुसरा चार ढांगा गेल्यावर तापणारा. दोघांच्या माना एका जुवाखाली. उतावळ्याला आवरताना शांत बैल बिचकता कामा नये. गाडी आपला तास सोडून शेजाऱ्याच्या तासात गेली की बाद. निकालाची रेघ ओलांडल्यावर तर खरी परीक्षा, कारण समोर माणसांची भिंत असते आणि बैलाला शर्यत संपल्याचे कुणी सांगितलेले नसते. धावती जोडी पुष्कळांना पळवता येते. ती थांबवता येणारा विरळा.

हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. पोरगा आधी गोठ्यात शेण काढतो, वैरण घालतो, बैलाला विहिरीत वा तळ्यात पोहायला नेतो. नव्या खोंडाला मुरलेल्या बैलाशेजारी बांधून चालवायचे, मग हलके ओझे ओढवायचे, मग रिकामा छकडा, मग थोडी थोडी धाव. महिनोन्‌महिने हे चालते. त्या काळात बैल ह्या पोराचा आवाज ओळखू लागतो. खुराकाच्या बाबतीत मात्र हौसेला अंत नाही. दूध, अंडी, काय काय घालतात. बैल रवंथ करणारा प्राणी आहे. मैदानाच्या आदल्या दिवशी एकदम दाण्याची पाटी पुढे केली, तर पोटात आम्ल वाढून जनावर गळून जाते, प्रसंगी दगावते. खुराक वाढवायचा तो हळूहळू, आणि कडबा तोडून तर मुळीच नाही.

आता मी तुम्हाला थोडा वेळ फार लांब घेऊन जातो. ड्रायव्हरपणाचे मर्म काय, हे एका अमेरिकन ड्रायव्हरच्या गोष्टीवरून मला चांगले उमगले, म्हणून.

त्याचे नाव रे हॅरून. जन्म १८७९, पेनसिल्व्हेनिया प्रांतातला. मोटारींच्या शर्यती तेव्हा नुकत्या मूळ धरीत होत्या. हा मार्मन नावाच्या मोटार कारखान्यात इंजिनियर होता आणि स्वतः गाडी हाकायचाही. १९१० साल संपताना त्याने शर्यती सोडल्या. पण १९११ च्या ३० मे रोजी इंडियानापोलिस शहरात ५०० मैलांची, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरची पहिली मोठी शर्यत ठरली, आणि मालकांनी त्याला पुन्हा उतरवले. अडीच मैलांची विटांनी बांधलेली धाव, तिच्या २०० फेऱ्या, आणि ४० गाड्या.

त्या काळी ड्रायव्हरच्या शेजारी एक मेकॅनिक बसे. मागून कोण येतो ते पाहायचे आणि तेल पंप करायचे, हे त्याचे काम. हॅरूनची पिवळी गाडी निमुळती, एकट्याच्याच बैठकीची. तिचे नाव ‘वॉस्प’, म्हणजे आपली गांधीलमाशी. बाकीच्यांनी तक्रार केली, की ह्याला मागचे दिसणार नाही, अपघात करील. हॅरूनने काय केले, चार खांबांवर एक आरसा बसविला. ही कल्पना त्याला सुचली होती एका घोडागाडीवरून. शिकागोत एका गाडीवानाने काठीला आरसा लावलेला त्याने पाहिला होता. आज आपल्या एस.टी.च्या ड्रायव्हरसमोर जो आरसा असतो, त्याच्या जुन्या पूर्वजांत घोडागाडीवरचा हा आरसाही आहे म्हणायचा. गंमत अशी, की विटांच्या खडखडाटाने तो आरसा इतका थरथरे, की त्यात काही दिसत नव्हते, असे हॅरूनच पुढे सांगत असे.

पण शर्यत आरशाने जिंकली नाही. हॅरूनने आधी एक हिशेब मांडला होता. गाडी ताशी पाऊणशे मैलांच्या वर नेली, की टायर भराभर झिजतात. टायर बदलायला थांबावे लागते, आणि तिथे मिळवलेले सगळे जाते. म्हणून बाकीचे पुढे निघून जात असताना हा आपला वेग धरून राहिला. मधल्या काही फेऱ्या त्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती चाक देऊन विसावा घेतला, नियमात ते बसत होते. ६ तास ४२ मिनिटांनी तो पहिला आला. सरासरी ताशी सुमारे साडेचौऱ्याहत्तर मैल, म्हणजे ठरवलेल्या वेगाच्या अगदी जवळ. त्या दिवशी एका गाडीवरचा मेकॅनिक प्राणाला मुकला. फेऱ्या मोजण्यात गफलत झाली, पहिला आपणच, असा दुसऱ्या नंबरच्या पक्षाचा दावा पुढे कित्येक वर्षे चालला. निकालाचे भांडण आपल्याच मैदानावर होते असे समजू नका! हॅरूनने मात्र त्या दिवसानंतर शर्यत कायमची सोडली, परत यंत्रांच्या कामाला लागला आणि १९६८ साली वारला.

ह्या हिशेबात मला आपला ड्रायव्हर दिसतो. गटातच जोडीचा सगळा जीव काढून पन्नास हात पुढे राहणारा गडी टाळ्या घेतो, आणि फायनलला त्याचे बैल मान टाकतात. जाणता ड्रायव्हर गटात हातभर पुढे राहतो. पुढे आहोत एवढे दिसले की कासरा किंचित सैल, आवाज खाली. दम राखायचा. फरक एवढाच, की हॅरूनने राखले ते रबर होते. रबराला वेदना नसते.

आणि इथे आपल्या मैदानाचा काळा भाग सांगितलाच पाहिजे. खिळा लावलेली पराणी, चाबूक, शेपूट पिरगाळणे, चावणे, पुढे पुढे तर बॅटरीचा झटका, हे सारे आपल्या मैदानांवर होत होते. ‘थोडेफार चालायचेच’ म्हणून आपण ते पाहत होतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यासाठी राज्यसभेत आधी झटल्या त्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल. २०११ च्या जुलैत केंद्र सरकारने खेळात दाखविण्यास मनाई असलेल्या जनावरांच्या यादीत वळू-बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि आपल्या शर्यती, दोन्ही थांबविल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हाही त्या निकालातला एक मुद्दा होता.

२०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना हिरवा कंदील दिला नाही. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर राज्याने तज्ज्ञांकडून अहवाल करून घेतला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ उघड मैदान बंद. त्यात कित्येकांचे पळते बैल म्हातारे झाले. खोंडे बाजारात मातीमोल गेली. ह्या दुःखाबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. ही बंदी आपण कशामुळे ओढवून घेतली, हे बोलणारे थोडे.

आजचा नियम स्पष्ट आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यांची तपासणी हवी, आणि काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका काही चालणार नाही. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे असं बघा, ड्रायव्हरच्या हातात उरले काय? कासरा आणि गळा. ज्याची सारी हुशारी पराणीत होती, त्याची विद्याच गेली. ज्याने गोठ्यात महिने काढले, त्याचा आवाज बैल ओळखतो, त्याला काही फरक पडला नाही. काही जुने लोक म्हणतात, मारल्याशिवाय जनावर पळत नाही. त्यांनी आषाढीच्या वाटेवर बेलवाडीचे रिंगण आठवावे. तुकोबांच्या पालखीपुढे स्वार नसलेला अश्व धावतो, ते आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. घोडा वेगळा नि बैल वेगळा, हे कबूल. पण खिल्लार खोंडाला पहाटे मोकळे सोडले तर तो कुणी न सांगता रानाला एक चक्कर मारतो. ह्याची साक्ष कुठल्याही गोठ्यात मिळेल.

ड्रायव्हरचे आयुष्य फार लांब नसते. नजर आणि गुडघे बिघडले की छकडा सुटतो. मग कुणी झेंडा धरतो, कुणी निकाल पंच होतो, कुणी दुसऱ्याची खोंडे शिकवतो. ज्याचा पाय चाकाखाली गेला, त्याची गोष्ट वेगळी. बैलाच्या किमतीचे आकडे चावडीवर रंगतात. पडलेल्या ड्रायव्हरचा दवाखान्याचा खर्च कुणी करायचा, हा प्रश्न बहुधा त्या रात्रीच निघतो आणि त्या रात्रीच विरतो.

इंडियानापोलिसला १९३६ पासून चांदीचा एक भला मोठा चषक आहे. त्यावर प्रत्येक विजेत्या ड्रायव्हरचा चेहरा कोरलेला आहे. मालकाचा नाही, मोटारीचाही नाही. पहिला चेहरा हॅरूनचा. आपल्याला चांदी परवडणार नाही, आणि बैलाचे चित्र फलकावरून काढा असेही मी म्हणणार नाही, ते शोभते. पण नावनोंदणीच्या वहीत बैल, मालक, गाव असे रकाने असतील, तर यात्रा कमिटीने चौथा रकाना ड्रायव्हरसाठी आखावा. त्यात त्याचे नाव, वय आणि विमा काढला आहे की नाही, एवढे लिहावे. गावात शाळेचे गुरुजी असतातच, वही बहुधा त्यांच्याच हाती असते. पट्टी घेऊन एक रेघ ओढायला वेळ तो किती लागतो?