इंग्रजीतला ‘मी’ वेगळा, मराठीतला वेगळा

‘मी गो टू जेटी.’ मालवणच्या हायस्कूलमधलं मूल असं लिहितं तेव्हा ते ‘ढ’ नसतं. घरी उर्दू, शाळेत मराठी, त्यात इंग्रजी, सर्वनामं गोंधळतात. पण घरची उर्दूच इथे कामाला येते.

१) ‘मैं’ असेल तिथे ‘आय’, ‘मुझे’ असेल तिथे बऱ्याचदा ‘मी’. ‘आय वेंट’, पण ‘अब्बा कॉल्ड मी’.

२) उर्दूत भाऊ असो की बहीण, ‘उसने कहा’ एकच. इंग्रजीत मात्र मागचं वाक्य बघून ‘ही’ की ‘शी’ ठरवावंच लागतं.

३) ‘त्याची बहीण’ यातला ‘ची’ बहिणीमुळे येतो, म्हणून मुलं ‘हर सिस्टर’ लिहितात. इंग्रजीत नातं कोणाचं ते बघा. सलीमची बहीण ‘हिज सिस्टर’, सलमाचा भाऊ ‘हर ब्रदर’.

४) होडी ‘ती’, सिंधुदुर्ग किल्ला ‘तो’, परीक्षेत दोन्ही ‘इट’.

५) ‘सर आले, ते बसले’ यातलं ‘ते’ आदराचं आहे. तिथे ‘दे’ नको, ‘ही’ लिहा. त्यात बेअदबी नाही.

पालकांनो, इंग्रजी येत नसलं तरी चालेल. मुलाचं वाक्य ऐका आणि एवढंच विचारा, “हे कोणाबद्दल, बेटा?” निम्म्या चुका त्याला स्वतःलाच दिसतील, इन्शाअल्लाह.