कुळशोध (लेखांक सहावा) : जनगणना आणि रहिवासाच्या नोंदी

जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदींचा विचार मागील लेखांकात झाला. या दोन घटनांच्या दरम्यान एखादी व्यक्ती कोणत्या वर्षी, कोठे आणि कोणासोबत राहत होती हे ज्या कागदांवरून कळते, त्यांना रहिवासाच्या नोंदी म्हणता येईल. कुटुंबाचे स्थलांतर, वाटण्या, व्यवसायातील बदल यांचा माग बहुधा याच नोंदींवरून लागतो.

अशा नोंदींचे सर्वांत व्यवस्थित उदाहरण म्हणजे ब्रिटनची जनगणना. तेथे १८४१ पासूनचे घरनिहाय तक्ते मोठ्या प्रमाणावर जपलेले असून ते शंभर वर्षांनंतर अभ्यासकांना खुले होतात. इंग्लंड आणि वेल्सचे १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये उपलब्ध झाले. मात्र तक्ता भरताना गणकांना कोणत्या सूचना होत्या, हे ठाऊक नसल्यास वाचन फसते. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे वय पाचाच्या पटीत उतरवून लिहावे, असा नियम होता. त्यामुळे ‘४०’ या आकड्याचा अर्थ चाळीस ते चव्वेचाळीस यांपैकी कोणतेही वय असा होऊ शकतो. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते त्या वर्षी नोंदवलेच जात नव्हते, ते १८५१ पासून नोंदवले जाऊ लागले. म्हणून १८४१ च्या तक्त्यात एका घरात दिसणारे एकाच आडनावाचे स्त्री-पुरुष पती-पत्नी असतील किंवा भाऊ-बहीणही असतील.

भारतात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाली. तथापि अभ्यासकाच्या हाती येतात ते जिल्हा, तालुका आणि गावांचे आकडे. घरोघरचे तक्ते नव्हेत. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ नुसार गणनेतील वैयक्तिक माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि सर्वसाधारणपणे ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. परिणामी मराठी कुटुंबाच्या संशोधकाला हे काम मतदारयाद्या, शाळेचे जनरल रजिस्टर, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, कोतवाल बुक (गावातील जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, जी अनेकदा मोडी लिपीत असते) आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्या आधारे करावे लागते.

या कागदांवरील माहिती टिपून घेताना काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. पहिले असे की, नोंद ज्या दिवसाची आहे तो दिवस आणि तिची नक्कल मिळाल्याचा दिवस वेगळे लिहावेत. दुसरे, स्थळनाम कागदावर असेल तसेच उतरवावे आणि आजचा जिल्हा कंसात द्यावा; मालवणच्या १९३५ च्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असणे स्वाभाविक आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला, तर पालघर ठाण्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला. ही खबरदारी न घेतल्यास पुढील संशोधक भलत्याच अभिलेखागारात शोध घेत बसतो. तिसरे, नाव, वय आणि व्यवसाय यांत दुरुस्ती न करता आपला तर्क शेजारी स्वतंत्रपणे मांडावा.

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण नोंद कोणत्या हेतूने झाली यावर तिचे मोल ठरते. सातबारा हा जमिनीच्या हक्काचा आणि पिकांचा उतारा आहे. त्यावर नाव असणे म्हणजे ती व्यक्ती गावात राहत होती, असे नव्हे. लालबाग-परळच्या चाळीतील एका खोलीत गाववाल्यांसह राहून गिरणीत काम करणाऱ्या कोकणी कामगाराचे नाव गावच्या उताऱ्यावर, मुलांची नावे गावच्या शाळेत आणि त्याचे स्वतःचे नाव मुंबईच्या मतदारयादीत, अशी स्थिती सहज संभवते. येथे तिन्ही कागद खरे आहेत. त्यांतून प्रकट होतो तो रोजगारामुळे दोन ठिकाणी विभागलेला एकच संसार. म्हणूनच परस्परविरोधी वाटणाऱ्या नोंदींपैकी एक खोटी ठरवून वगळण्याऐवजी दोन्ही तारखांसह जपाव्यात, आणि एखाद्या यादीत नाव नसणे हा अनुपस्थितीचा निर्णायक पुरावा मानू नये.

वारसांची नावे उताऱ्यावर कशी चढतात आणि फेरफार नोंदींतून पिढ्यांचा क्रम कसा लावता येतो, याची चर्चा पुढील लेखांकात होईल.