फौजीच्या घरचा सातबारा

2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सुट्टीवर आलेल्या जवानांना युनिटमध्ये परत बोलावणं आलं. अंगावरची हळद उतरण्याआधी निघालेल्या नवरदेवांच्या बातम्या घरोघरी वाचल्या गेल्या. त्यानंतर 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, श्रीनगरमध्ये न्या. सूर्य कांत यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे नालसाची, ‘नालसा वीर परिवार सहायता योजना 2025’ सुरू केली. सैनिक कल्याणाच्या कार्यालयांत कायदा मदत केंद्रं उघडायची आणि जवान, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांना वकील मिळवून द्यायचा, अशी ही योजना. तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही, आणि ती व्हायला हवी. नवरा गाडीत बसून गेल्यावर त्याच्या बायकोच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेलं असतं, तो प्रश्न या योजनेने हातात घेतला आहे.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी या गावांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे 46 जवान कामी आले. तिथे पिढ्यान् पिढ्या पुरुष फौजेत आणि घर बायकांच्या हातात. पोस्टिंग फील्डला असलं की कुटुंब सोबत नेता येत नाही. छावणीत फॅमिली क्वार्टर मिळालं तर मुलांची शाळा तरी नीट चालते, नाहीतर सासर आहेच. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. अग्निवीराला वार्षिक रजा 30 दिवसांचीच. उरलेल्या वर्षात सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलांची ॲडमिशन, उसाची तोड, सोसायटीचं कर्ज हे सगळं तिच्याकडे.

त्यात कागद. लग्नानंतर युनिटकडून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली नाही तर फौजेच्या दफ्तरात तिचं नावच लागत नाही. मुलांच्या जन्माचंही तसंच. आधार कार्डावर ‘सुनिता’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुनीता’ एवढ्या फरकानेही पुढे कँटीनच्या कार्डापासून पेन्शनपर्यंत सगळं अडू शकतं. लग्नात आहेराची यादी दोनदा तपासणाऱ्या घरांनी पार्ट टूची चौकशी एकदा तरी करावी, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

पण सगळ्यात जास्त छळतो तो सातबारा. भावाभावांची सामाईक जमीन, वाटणी तोंडी झालेली, आणि एक भाऊ लडाखला. बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो. फेरफाराची नोटीस गावच्या पत्त्यावर येते, घरातलं जे कोणी दारात असेल ते सही करून घेतं, आणि हरकतीची मुदत उलटून गेल्यावर जवानाला फोनवर कळतं. शेतात जायची वाट कुणी नांगरून टाकली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. पुढची सुट्टी तेवढ्यात मिळेलच असं नाही. बायको तलाठ्याकडे गेली तर पहिला प्रश्न ठरलेला: “जमीन कुणाच्या नावावर आहे? त्यांना घेऊन या.” घरी आल्यावर जाऊ बोलत नाही, सासरे म्हणतात, भावाभावांत तू कशाला पडतेस? नवऱ्याला सांगावं तर तो चौकीवर बसून काळजी करणार, म्हणून ती सांगतही नाही. तिची ही गप्प राहण्याची सवय मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

आणि इथे कायदा तिच्या बाजूने आहे, तोही जुना. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची. तिच्या आदेश 28 नुसार रजा न मिळणारा जवान दावा लावायला किंवा लढवायला दुसऱ्या कुणालाही लेखी अधिकार देऊ शकतो. त्यासाठी त्याने कमांडिंग ऑफिसरसमोर सही करायची आणि ऑफिसरने त्यावर प्रतिस्वाक्षरी करायची. म्हणजे तिकडे युनिटमध्ये बसून तो बायकोच्या हातात कोर्टात चालणारा कागद देऊ शकतो. भारतीय सैनिक (दावे) अधिनियम तर 1925 चा, 2025 मध्ये शंभर वर्षांचा झालेला. विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या जवानाचा खटला त्याच्या माघारी निकाली निघू नये, त्याच्या मुदतीतून तो काळ वगळावा, ही तरतूद त्यात आहे. जवान हजर राहू शकत नाही हे जिल्हाधिकारीही न्यायालयाला कळवू शकतात. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

हे हक्क असूनही ते तिच्यापर्यंत पोचले नाहीत, ही गेल्या कित्येक वर्षांची खरी चूक आहे. म्हणून नव्या योजनेचं मी मनापासून स्वागत करते, आणि तिच्याबद्दल धास्तीही बाळगते. जिल्ह्याच्या गावी केंद्र उघडलं म्हणजे पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातल्या बाईचा अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं गेलं. केंद्र तालुक्याला, तहसील कचेरीच्या आवारात, बाजाराच्या दिवशी बसलं पाहिजे. आदेश 28 चा नमुना मराठीत छापून प्रत्येक जवानाच्या हातात सुट्टीवर निघतानाच पडला पाहिजे. तोवर नालसाचा 15100 हा हेल्पलाइन नंबर तरी घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि 2017 मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या. असेच धारातीर्थी पडलेले मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे 2021 मध्ये अधिकारी झाल्या. या दोघींबद्दल आपण भरभरून लिहिलं, ते योग्यच होतं. ज्यांचे नवरे सुखरूप आहेत आणि लांब आहेत, त्या हजारो जणींबद्दल मात्र लिहिलं जात नाही, कारण त्यांच्या घरी बातमी होईल असं काही घडत नाही.

एक गोष्ट अजून, अवघड आहे म्हणून कुणी काढत नाही. भांडण भावकीशी असतं तसं नवऱ्याशीही असू शकतं. पैसे न पाठवणारा, मारहाण करणारा फौजी असतो. आर्मी ॲक्ट 1950 नुसार बायकोमुलांच्या पोटगीसाठी त्याच्या पगारातून रक्कम कापता येते, आणि त्यासाठी तिला थेट त्याच्या युनिटकडे अर्ज करता येतो. सैनिक कल्याण कार्यालयात मात्र समोर माजी सैनिक बसलेले असतात, तिच्या सासऱ्यांच्या ओळखीचेही असतील. त्यांच्यापुढे ती हे बोलणार नाही. योजनेच्या प्रत्येक केंद्रात किमान एक वकील बाई असावी, फौजेशी नातं नसलेली, आणि तक्रार घेऊन आलेल्या बाईसाठी दार लावता येईल अशी वेगळी खोली असावी.