मांडव आणि पंक्तिप्रपंच

राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा २०३० साली अहमदाबादेत भरावयाच्या आहेत, आणि २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद भारतास मिळावे ही आकांक्षा पंतप्रधानांनी २०२३ च्या ऑक्टोबरात येथे मुंबईतच बोलून दाखविली होती. ही आकांक्षा आम्हांस गैर वाटत नाही. सैन्य न हलविता राष्ट्राचे वजन वाढविण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांपैकी हा एक होय. मात्र हे वजन क्रीडांगणाच्या भव्यतेने वाढते, हा समज भ्रामक आहे.

१९५१ च्या मार्चमध्ये पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीत भरल्या, तेव्हा आपल्यापाशी वैभव कोठले होते? परंतु १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे दार ज्या पराभूत जपानला बंद होते, त्याच्या खेळाडूंचे दिल्लीने सन्मानाने स्वागत केले. सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता-तह व्हावयास तेव्हा सहा महिने अवकाश होता. मुत्सद्द्यांची बोलणी पुरी होण्यापूर्वीच आशियाला भारताचे मन कळले.

याच्या नेमके उलट १९६२ साली जाकार्तात घडले. सुकार्नोंच्या सरकारने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यास हरकत घेताच जमावाने तेथील भारतीय वकिलातीवर हल्ला चढविला. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियास निलंबित केले. नावलौकिकासाठी घातलेला मांडव यजमानाच्याच अंगावर कोसळला.

हा अनुभव आपल्यालाही अगदी परका नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामाच्या हत्याकांडानंतर, दिल्लीतील विश्वचषक नेमबाजीसाठी दोघा पाकिस्तानी खेळाडूंना व्हिसा मिळाला नाही. ऑलिंपिक समितीने भारताशी यजमानपदाची बोलणीच थांबविली. सरकारने लेखी हमी दिल्यावर जूनमध्ये ती बंदी उठली. त्या वेळचा लोकक्षोभ रास्त होता, हे कोण नाकारील? वैर करणाऱ्याशी आपसांतले सामने न खेळणे हा कोणत्याही राष्ट्राचा हक्कच आहे. परंतु जगाची पंगत आपल्या दारी बसविल्यावर आमंत्रणाची यादी एकट्या यजमानाची राहत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये क्रीडा मंत्रालयाने आपल्या धोरणात हाच भेद मान्य केला, हे उचितच झाले.

धोरण कागदावर लिहिणे सोपे. पाहुणे दाराशी आले असता मनात संताप उसळलेला असेल, त्या दिवशी ते पाळणे कठीण. अशा दिवशी शब्द पाळण्याची तयारी सरकारइतकीच तुम्हा-आम्हा नागरिकांचीही हवी. पंक्तिप्रपंच टाळण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही, त्याने मांडव घालण्याच्या भरीस पडू नये.