वीज गेली की पेट्रोलही जातं

या आठवड्यात रोटरच्या सीलांबद्दल लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो. कारण चंदीगडहून आलेलं एक पत्र. सेक्टर १८ मधल्या हवाई दलाच्या वारसा केंद्रात ‘कानपूर-१’ पाहून आलेले एक वाचक विचारतात: हे विमान कार्ब्युरेटरवर उडत होतं, मग तुम्ही विमानात वापरायच्या माझदा १३बी या रोटरी इंजिनाला इंधनाचं इंजेक्शनच का बसवायला सांगता?

या विमानावर माझा फार जीव. हरजिंदर सिंग यांनी ते १९५८ साली कानपूरच्या दुरुस्ती डेपोत बांधलं. ‘हवाई सिपाही’ म्हणून भरती होऊन एअर व्हाइस मार्शलपदाला पोचलेला हा माणूस लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजात शिकला. त्याच कॉलेजाचा वारसा आजच्या चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजकडे, म्हणजे ‘पेक’कडे आहे. कानपूर-१ कित्येक वर्षं ‘पेक’मध्येच होतं, २०२३ मध्ये वारसा केंद्रात आलं.

त्याच्या लायकमिंग इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतात, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. बॅटरी मेली तरी इंजिन चालू राहतं. इंजेक्शनवाल्या १३बीचं तसं नाही. कार्ब्युरेटरात बर्फ धरण्याची भीती जाते, उंचीप्रमाणे मिश्रण आपोआप जुळतं, म्हणून मी इंजेक्शनच निवडतो. पण पंप, संगणक, इंजेक्टर, कॉइल असं सगळं विजेवर. तेव्हा वायरिंग ही इंधनाचीच नळी समजून करायची.

दोन पंप बसवले की काम झालं, असं बरेच जण मानतात. एका मित्राच्या विमानात पंप दोन, फ्यूज दोन, स्विचही दोन होते. अर्थिंगचा बोल्ट मात्र एकच. तो सैल झाला आणि जमिनीवरच्या चाचणीत दोन्ही पंप एकदम बंद पडले. जमिनीवर होतो म्हणून निभावलं. प्रत्येक पंपाला बॅटरीपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि पुढे एकदिशा झडप हवीच.

पंपाची जागाही महत्त्वाची. इंजेक्शनचा पंप ढकलतो जोरात, पण ओढायला कच्चा. गाडीत तो टाकीतच बुडालेला असतो, ते उगाच नव्हे. इंजिनाशेजारी तापलेल्या जागी ठेवलात तर ओढताना दाब घटून पेट्रोल नळीतच उकळतं, आणि पंपात वाफ भरते. तो टाकीजवळ, तिच्या तळाच्या खाली हवा. उरलेलं पेट्रोल ज्या टाकीतून घेतलं तिथेच परतलं पाहिजे. नाहीतर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी ओसंडते.

नळीतला दाब साधारण ४० पीएसआय. एवढ्या दाबाला सुईएवढ्या भोकातूनही फवारा उडतो, आणि रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा जास्त तापतो. इंजिनकक्षात साधी रबरी नळी आणि क्लिप चालणार नाही. आगरोधक आवरणाची, घट्ट आट्यांच्या जोडांची नळीच लावा.

पत्रलेखकांनी आता एक करावं. आपलं विमान जमिनीला नीट बांधून, इंजिन चालू असताना अल्टरनेटर बंद करा आणि इंजिन अडखळेपर्यंत किती मिनिटं जातात ते घड्याळ लावून मोजा. त्यातली निम्मीच आपली धरा. तो आकडा मला कळवा. सीलांकडे पुढच्या आठवड्यात वळू.