निर्वात नलिकांचे वर्धक आणि घरगुती स्टिरिओतील खर्जाचा भरीवपणा

प्रस्तावना :

ट्रान्झिस्टर आल्यानंतर निर्वात नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह, ध्वनिक्षेत्रातून नामशेष होतील असा समज होता. तो खरा ठरला नाही. मानवी आवाज व तंतुवाद्ये व्हॉल्व्हच्या वर्धकावर अधिक जिवंत वाटतात, या अनुभवामुळे अनेक रसिक आजही असे वर्धक आवर्जून वापरतात. मात्र त्यांच्यापैकी कित्येकांची एक तक्रार असते. खर्ज भरीव येत नाही. डग्ग्याची घुमक किंवा डबल बासचा नाद ऐकू येतो, पण जाणवत नाही. यावर बहुधा दोन उपाय सुचविले जातात : बासची कळ वाढविणे किंवा महागड्या नलिका घेणे. पहिल्याने दोष वाढण्याचाच संभव अधिक, तर दुसऱ्याने बऱ्याचदा केवळ खिसा हलका होतो. खर्जाची उणीव नेमकी कोठे उद्भवते आणि ती कोणत्या क्रमाने दूर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोहित्राची मर्यादा :

शक्ती-नलिकेस काही हजार ओहमचा भार लागतो, तर घरगुती स्पीकरचा संरोध साधारणतः 4 ते 8 ओहम असतो. ही दरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वर्धकातील अखेरचे रोहित्र, भरून काढते. संरोध वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गानुसार बदलत असल्याने 25 : 1 प्रमाणाचे रोहित्र 8 ओहमचा स्पीकर नलिकेस 5000 ओहमचा भासवते.

खर्जाचे भवितव्य बव्हंशी याच लोखंडी गाभ्यात ठरते. व्होल्टता तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर गाभ्यातील चुंबकीकरण दुप्पट होते. त्यामुळे 80 हर्ट्झला निर्धास्त असलेला गाभा 40 हर्ट्झला संपृक्त होऊ शकतो आणि स्वर विरूप होतो. दुसरी अडचण प्रवर्तकतेची. प्राथमिक वेटोळ्याची प्रवर्तकता 20 हेन्री असेल, तर 40 हर्ट्झला तिचा अवरोध सुमारे 5000 ओहम, म्हणजे भाराइतकाच भरतो. नलिकेचा बराच प्रवाह स्पीकरऐवजी या वाटेने वाया जातो. वर्धकाचे वजन हा त्याच्या खर्जाचा ढोबळ पण उपयुक्त अंदाज आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

300बी सारखी एकच नलिका वापरणाऱ्या रचनेत रोहित्रातून एकदिश प्रवाह सतत वाहतो. गाभा संपृक्त होऊ नये म्हणून त्यात हवेची फट ठेवावी लागते आणि तिने प्रवर्तकता घटते. अशा वर्धकाची शक्तीही 8 वॅटच्या आसपास असते. पुश-पुल रचनेत दोन नलिकांचे एकदिश प्रवाह परस्परांना छेदतात. डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध केलेला 15 वॅटचा वर्धक या रचनेचा प्रसिद्ध नमुना होय. मात्र जोडीतील एक नलिका थकली की हा समतोल ढळतो, गाभा एका बाजूने चुंबकित होतो आणि खर्ज सर्वप्रथम दुबळा पडतो. म्हणून नलिकांची किंमत पाहण्यापूर्वी त्यांची जोडी जुळते काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

भरीव आणि फुगीर :

स्पीकरच्या पडद्याची हालचाल आवरण्यासाठी वर्धकाचा अंतर्गत संरोध अल्प असावा लागतो. निगेटिव्ह फीडबॅक नसलेल्या वर्धकात तो 3 ओहमही असू शकतो. 8 ओहमच्या स्पीकरचा संरोध त्याच्या अनुनादाच्या वारंवारतेस 40 ओहमपर्यंत चढला, असे मानू. मग तेवढ्याच भागात स्वर सुमारे 2 डेसिबलने उंचावतो. श्रोत्यास प्रथमदर्शनी हे भरीव वाटते. प्रत्यक्षात तो फुगवटा असून ठेका सैल पडतो. अशा वेळी 8 ओहमचा स्पीकर 4 ओहमच्या जोडावर लावून पाहावा. अंतर्गत संरोध निम्मा होतो व खर्ज आवरला जातो. मोबदल्यात शक्ती काहीशी घटते. याउलट कळ फिरवून खर्ज 6 डेसिबलने वाढविल्यास त्या स्वरांना चौपट शक्ती लागते. 8 वॅटच्या वर्धकाकडे 32 वॅट मागणे व्यर्थ होय.

खोलीचा वाटा :

एवढे करूनही पुष्कळदा दोष वर्धकात नसून खोलीत असल्याचे आढळते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरल्यास 4 मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद 43 हर्ट्झच्या जवळ येतो. या स्वराचा दाब समोरासमोरच्या भिंतींशी सर्वाधिक, तर खोलीच्या मधोमध जवळपास शून्य असतो. नेमकी तेथेच खुर्ची मांडणारा श्रोता वर्धकाला विनाकारण दोष देतो. खुर्ची अर्धा-पाऊण मीटर मागे सरकवून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. स्पीकरमागील भिंतीचेही असेच आहे. स्पीकर भिंतीपासून 1 मीटरवर असल्यास परावर्तित लहर 86 हर्ट्झच्या सुमारास मूळ लहरीस छेद देते. तो भिंतीजवळ नेला की हा खड्डा वरच्या स्वरांकडे सरकतो आणि खर्जाला भिंतीचा आधार मिळतो. तत्त्वतः 6 डेसिबलपर्यंत, तोही वर्धकावर तिळमात्र भार न टाकता. अगदी कोपऱ्यात मात्र घुमण्याचा धोका असतो. शहरी घरांतील लहान खोल्यांत हा प्रयोग विशेष फलदायी ठरावा.

शक्तीची वाटणी :

याउपरही उणीव राहिल्यास सुमारे 80 हर्ट्झखालील स्वर स्वतंत्र ट्रान्झिस्टर वर्धक असलेल्या सबवूफरकडे सोपवावेत. व्हॉल्व्हच्या वर्धकास ते स्वर मिळणारच नाहीत, अशी गाळणी त्याच्या प्रवेशापाशी बसविणे मात्र अत्यावश्यक आहे. केवळ सबवूफर जोडल्याने खर्ज वाढतो, पण रोहित्राचा भार तसाच राहतो. हे नेमके बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाळणीनंतर मध्य स्वरांतील स्वच्छताही वाढते.

जुन्या वर्धकात टप्प्यांमधील धारित्रांचाही संशय घ्यावा. 470 किलोओहमच्या रोधासह 0.01 मायक्रोफॅरडचे धारित्र 34 हर्ट्झपासूनच खर्ज कापू लागते, 0.1 मायक्रोफॅरडचे असल्यास ही सीमा 3.4 हर्ट्झवर जाते. परंतु हे मूल्य सरसकट वाढवू नये. फीडबॅक असलेला वर्धक त्यामुळे अतिमंद वारंवारतेस अस्थिर होऊ शकतो. शिवाय आतील व्होल्टता 300 ते 500 व्होल्ट असते आणि वर्धक बंद केल्यावरही धारित्रांत ती टिकून राहू शकते. त्यामुळे पेटी उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञाकडेच सोपवावे.