आधी नकाशा, मग चिखल!

मुलांनो, सहामाही परीक्षा संपली की तुमचे हात कशासाठी शिवशिवतात? बरोबर! दिवाळीच्या किल्ल्यासाठी.

आमच्या चौथीच्या मुलांनी सुट्टी लागण्याआधी शाळेच्या अंगणात राजगड करायचा ठरवला. स्वराज्याची ही पहिली राजधानी. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या १२ किल्ल्यांत तोही आहे.

पण लगेच चिखलात हात घालायचा नाही, असा नियम होता! आधी नकाशा. मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या. फरशीवर खडूने आकार काढला, पावलांनी मोजला.

मग वाद पेटला तो दरवाजावरून. "दरवाजा समोरच हवा, सगळ्यांना दिसेल असा!" एक गट म्हणाला. त्यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "अरे, मग शत्रूलाही दिसेल की!" सगळे गप्प! म्हणूनच तर रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवलेला आहे. वाट वळणाची असली, की हत्तीला धावत येऊन दरवाजाला धडक देता येत नाही. आणि संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी का? बाहेरचा तट पडला, तरी शत्रूपुढे आतला उभाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काय, सुवेळा माची ढासळलेली! दोघे-तिघे रडवेले झाले. पण रडून माची थोडीच उभी राहणार? मुलांनी माती उकरून पाहिली. इतर दोन माच्यांखाली दगड-विटा होत्या, इथे मात्र नुसती ओली माती. शिवाय कडा अगदी सरळ उभा. मग खाली दगड रचले, पाया रुंद केला, चिखलात बुडवलेलं पोतं वरून अंथरलं आणि पाणी वाहून जायला चर काढला. माची पुन्हा उभी राहिली. त्यावर अळीव पेरले, तेही चार दिवसांत हिरवेगार झाले.

आईबाबांनो, बाजारात तयार किल्ले मिळतात. ते सुबक असतात, पण ढासळत नाहीत. आणि ढासळला नाही, तर 'का?' हा प्रश्न मुलांना पडणार कसा? तेव्हा हात मळू द्या, अंगण राडेराड होऊ द्या.

आणि मुलांनो, यंदा किल्ला करताना आधी एकच ठरवा : तुमच्या किल्ल्याचा दरवाजा कुठे लपवणार?